करदोट्यातला फ्यूज

सूर्यकांत साटमचा हात सैल होता. हे सांगायला कुणी वैरी लागायचा नाही. त्याची सख्खी बायको छाया येणाऱ्या-जाणाऱ्याला हसत हसत सांगायची, आणि सांगताना त्याच्यापासून दोन पावलं लांब उभी राहायची. सूर्यकांतचा बाप अंबरनाथला दारूगोळ्याच्या कारखान्यात. त्याने पोराला पट्ट्याने बडवलं, फुटपट्टीने बडवलं, एकदा सायकलच्या चेनने पाठ सोलून काढली. एकोणिसाव्या वर्षी पोराने एकदाच उलटा हात टाकला आणि बापाचा पुढचा दात फरशीवर टणकन पडला. त्या दिवसापासून घर शांत झालं. मग काय, जगात जे सरळ होतं ते हातानेच होतं, असं सूर्यकांतच्या डोक्यात पक्कं बसलं. तो आयटीआय झाला, लग्न झालं, आणि नव्याण्णव साली हा हात घेऊनच दुबईला आला.

शारजाच्या रस्त्यावर एक खाजगी विद्यापीठ होतं. तिथल्या टेलिकम्युनिकेशन विभागात तो लॅब टेक्निशियन. नावाला टेक्निशियन, बाकी लॅबचा फौजदार. वायर गुंडाळून न ठेवणाऱ्याच्या मनगटावर स्क्रूड्रायव्हरची मूठ बसायची. पोरं बड्या बड्या घरची, पण साटमसमोर चकार शब्द काढायची नाहीत. एकदा एकाच्या बापाने तक्रार केली, ती डॉ. मुग्धा लिमये मॅडमनी कशीबशी निस्तरली. मॅडम पुण्याच्या, बोलायला मऊ, कामाला खमक्या. वाळूच्या वादळात मोबाइलचा सिग्नल किती मरतो आणि का मरतो, हा त्यांचा संशोधनाचा विषय. त्यासाठी विभागाच्या मागे चाळीस मीटरचा लोखंडी मनोरा उभा केलेला, त्याच्या शेंड्यावर परातीएवढी अँटेना, आणि ती फिरवायला दातेरी चाकांची मोटर. त्या दात्यांत वाळू जाऊन बसायची. मग कुणीतरी वर चढून ती साफ करायची.

हे कुणीतरी म्हणजे भिवा घवाळी. लांजा तालुक्यातला, पोफळीवर चढणाऱ्यांच्या घरातला. बारा वर्षांचा असल्यापासून एका पोफळीच्या शेंड्यावरून झोका घेऊन दुसरीवर जायचा, सुपारी काढत काढत अख्खी बाग पालथी घालायचा, आणि मग जमिनीला पाय लावायचा. दोन हजार सहा साली अल क्वोजमध्ये एका कंत्राटदाराच्या टॉवरवर तो अनवाणी चढताना सूर्यकांतने पाहिला आणि मॅडमच्या मागे लागून त्याला विभागात आणला. इथेही भिवा बूट काढूनच चढायचा. पायाला पायरी कळली पाहिजे, म्हणायचा. सेफ्टी ऑफिसर ओरडून ओरडून थकला. मनोऱ्याच्या पायथ्याशी भिवाचे बूट असले म्हणजे भिवा वर, नसले म्हणजे खाली, हे अख्ख्या विभागाला पाठ झालेलं.

आणि एक कायदा सूर्यकांतचा स्वतःचा. मोटरचा फ्यूज खाली लॅबमधल्या पॅनेलमध्ये होता. पांढऱ्या चिनीमातीचा, खडूच्या तुकड्याएवढा. वर जाणाऱ्याने तो स्वतः काढायचा, स्वतःच्या अंगावर ठेवायचा, आणि खाली आल्यावर स्वतःच बसवायचा. होल्डर रिकामा दिसला तर दुसऱ्या कुणी त्याला बोट लावायचं नाही, मग वर आभाळ कोसळो.

"रिकाम्या होल्डरात माणूस असतो," असं तो नव्या पोरांना दरडावून सांगायचा.

भिवाने तर हा कायदा कमरेलाच बांधला. खिशातून वस्तू पडते, करदोट्यातून पडत नाही. रजेवर गेला तेव्हा आईकडून, ठकुबाईकडून, तिच्या निळ्या लुगड्याच्या काठाची बोटभर पिशवी शिवून घेतली आणि काळ्या करदोट्याला टाचून घेतली. फ्यूज त्या पिशवीत. आमच्यात करदोटा माणूस मेल्यावरच कापतात, तेव्हा ही तिजोरी पक्की, असं तो म्हणायचा.

दोन हजार आठची दिवाळी जाते न जाते तोच मंदी दुबईवर येऊन आदळली. क्रेन जिथल्या तिथे थांबल्या. भिवा अजून अल क्वोजच्या कामगार-कँपात गाववाल्यांच्या खोलीतच राहायचा, आणि ते गाववाले त्याच जुन्या कंत्राटदाराकडे कामाला. जानेवारीत कंत्राटदार पगार बुडवून, गाडी विमानतळावर टाकून पळाला. शुक्रवारी दुपारी कँपातली माणसं उठली. ऑफिस फोडलं, खुर्च्या जाळल्या, मग राग कुणावर काढायचा ते कळेना म्हणून एकमेकांवर काढला. सळया निघाल्या. भिवाचा फोन आला तेव्हा सूर्यकांत बर दुबईत घरी जेवायला बसला होता. तो उष्ट्या हाताने उठला, टॅक्सी केली आणि धुरात शिरला. एकाचा जबडा त्याने असा फोडला की हाडाचा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला. स्वतःच्या खांद्यावर सळई खाल्ली. खाटेखाली अडकलेल्या भिवाला मानगुटीला धरून ओढत बाहेर काढला, आणि पोलिसांच्या गाड्या यायच्या आत रस्ता गाठला.

"दादा, तू म्हणशील ती पूर्व दिशा आता," भिवा म्हणाला. हे वाक्य सूर्यकांतला त्या दिवशी फार आवडलं.

मग फेब्रुवारीतला तो दिवस उजाडला. विभागात पाचांपैकी तीन टेक्निशियनना त्याच आठवड्यात पत्रं मिळाली होती. नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की तीस दिवसांत चंबूगबाळं आवरायचं. लेक शुभ्राची शाळा अर्ध्यात. उरलेल्या दोघांत कोण राहणार, संशोधन चालणार की मनोरा भंगारात जाणार, हे त्या दिवशीच्या गेस्ट लेक्चरवर होतं. परदेशी कंपनीचा मोठा इंजिनिअर व्याख्यानाला आलेला, हॉलमध्ये विद्यापीठाचे मालक लोक पुढच्या रांगेत. व्याख्यान संपता संपता मॅडम खालून अँटेना फिरवणार, वाळवंटात उभ्या केलेल्या गाडीचा सिग्नल पकडणार, आणि पडद्यावर आलेख वर चढताना सगळ्यांना दाखवणार, असं ठरलं होतं. नेमका सकाळपासून शमाल, वाळूचा वारा, सुटला. आभाळ हळदीसारखं पिवळं झालं आणि मोटर करकरायला लागली. भिवाने फ्यूज काढला, बूट उतरवले आणि वर गेला.

पाहुणे मनोऱ्याखालच्या अंगणातूनच चहाला जाणार होते. तिथे बादल्या, दोर, चिंध्या पडलेल्या बघून सूर्यकांतचं डोकं सटकलं. त्याने विभागाच्या शिपायाला, युसुफला, फर्मावलं की दोन मिनिटांत सगळा पसारा उचल, एक वस्तू दिसता कामा नये. युसुफ पन्नाशीचा, केरळचा, साटमला टरकून असलेला. त्याने खरोखरच एक वस्तू ठेवली नाही. बादल्यांबरोबर भिवाचे बूटही स्टोअरमध्ये नेऊन टाकले.

वीस मिनिटांनी हॉलमधून मॅडमचा फोन आला. सूर्यकांत, आता, लगेच. सूर्यकांतने खिडकीतून पाहिलं. मनोऱ्याचा शेंडा धुळीत दिसेना. पायथ्याशी बूट नाहीत. "भिव्या!" म्हणून दोनदा हाक मारली, ती वारा घेऊन गेला. पॅनेल उघडलं तर होल्डर रिकामा. त्याने एक सणसणीत शिवी हासडली. हा शहाणा खाली येऊन फ्यूज कमरेला लावूनच चहाला गेलेला दिसतोय! फोन पुन्हा वाजला. स्वतःचा कायदा, शंभर वेळा दुसऱ्याच्या डोक्यात हातोड्याने ठोकलेला, त्याला त्या क्षणी आठवला नाही असं नाही. आठवला होता. त्याने खणातून दुसरा फ्यूज काढला आणि बसवला.

हॉलमध्ये पडद्यावरचा आलेख सरसर वर चढला आणि मालक लोकांनी टाळ्या वाजवल्या. आलेख चढला तेवढा वेळ वर भिवाचा उजवा हात चिंधीसकट दातेरी चाकात ओढला जात होता. मग रेष थरथरली आणि एका जागी अडकली. टाळ्या थांबल्यावर किंकाळी ऐकू आली.

सूर्यकांत आयुष्यात कधी शिडीच्या दहाव्या पायरीपलीकडे गेला नव्हता. तो त्या दिवशी लॅबचा मेन स्विच पाडून चाळीस मीटर चढला. तोंडावर गरम थेंब पडत होते, ते पुसायला हात मोकळा नव्हता. वर भिवा सेफ्टीच्या पट्ट्याला लोंबकळत होता, डोळे पांढरे झालेले, कोपरापर्यंतचा हात लाल. तीन बोटं दात्यांमध्ये पार चेचून गेली होती. अंगठा आणि करंगळी तेवढी शाबूत. सूर्यकांतने पान्याने चाक उलटं फिरवलं, एकेक दाता. प्रत्येक दात्याला भिवा गुरासारखा ओरडत होता. शेवटच्या दात्याला ओरडायचा थांबला. त्याला पाठीवर दोराने बांधून सूर्यकांत खाली आला तेव्हा अंगणात पन्नास माणसं उभी होती आणि मॅडम तोंडावर हात धरून रडत होत्या.

सेफ्टी ऑफिसरने पॅनेलचा फोटो काढला आणि विचारलं, फ्यूज कुठे होता. "होल्डरमध्येच होता," सूर्यकांत म्हणाला. शब्दन् शब्द खरा होता. बघा, खोटं बोलायला नेहमी खोटंच बोलावं लागतं असं नाही. ऑफिसरने लिहून घेतलं की कामगार फ्यूज न काढता वर चढला. सूर्यकांतने ते वाचलं, आणि डोळ्यांपुढे शुभ्राचं दप्तर आलं. उद्या सांगू, असं म्हणून तो गप्प बसला.

इस्पितळात भिवाचे कपडे कापून काढले होते. नर्सने ते एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सूर्यकांतच्या हातात दिले, कारण रक्ताचं माणूस तिथे कुणी नव्हतं. त्यात काळा करदोटा होता, कात्रीने कापलेला, आणि त्याला टाचलेल्या निळ्या पिशवीत पांढरा फ्यूज. सूर्यकांतने कपडे फेकले, करदोटा ठेवला. दुसऱ्या दिवशी भिवा शुद्धीवर आला, पहिल्यांदा त्याचा डावा हात कमरेकडे गेला, आणि कमर मोकळी लागताच तो किंचाळला की मी मेलोय की काय. मग शांत झाल्यावर विचारलं, दादा, फ्यूज?

"तू काढलाच नव्हतास, भिव्या," सूर्यकांत म्हणाला.

भिवाला आठवत होतं की काढला होता. पण त्या सकाळी तो तीनदा वर-खाली झाला होता. आठवतंय ते कदाचित आधीच्या खेपेचं असेल. आणि सांगणारा दादा होता. ज्याने सळया खाऊन वाचवला, ज्याने पाठीवर बांधून खाली आणला, तो. भिवा म्हणाला, असेल, दादा, तू म्हणतोस तर तसंच असेल.

विद्यापीठाने शौर्याबद्दल सूर्यकांतला प्रमाणपत्र दिलं. संशोधन वाचलं, त्याची नोकरी वाचली. मॅडमनी भांडून भिवालाही ठेवून घेतलं. वाळूचे आणि सिग्नलचे आकडे वहीत उतरवायला खुर्चीवर बसवलं. पण तो माणूसच राहिला नव्हता. एक आकडा चारदा तपासायचा. खोलीचं कुलूप लावून अर्ध्या रस्त्यातून परत जायचा. मनोऱ्याकडे पाठ करून बसायचा. मॅडमनी विचारलं तर म्हणाला, बोटांचं काही नाही, कोपर पायरीत आकड्यासारखं अडकवूनही चढेन, पण माझा माझ्यावर भरवसा नाही. मे महिन्यात गावी गेला तेव्हा दोन वर्षांच्या पोराला त्याने कडेवर घेतलं नाही. बायकोने, संजनाने, पोर पुढे केलं तर मागे सरकला. मी विसरतो, गो, म्हणाला. विहिरीपाशी ठेवून विसरेन. हे परत आल्यावर त्यानेच सूर्यकांतला सांगितलं, अगदी सहज, आकडे लिहिता लिहिता.

खाई त्याला खवखवे. सूर्यकांतचा हात आता नुसता सैल राहिला नाही, पिसाळला. एक दिवस स्टोअरमध्ये युसुफ दबक्या आवाजात म्हणाला, साटमभाई, जूते मैंने उठाए थे, आपने बोला था, भिवाभाई ऊपर था. बताना चाहिए ना? सूर्यकांतने दार लावलं आणि त्याला भिंतीवर आपटला. तो खाली पडल्यावर लाथ घातली. बरगडी मोडलेला युसुफ इस्पितळात म्हणाला की शिडीवरून पडलो. आठवड्याने तो कामावर आला तेव्हा साटमकडे मान वर करून बघेना.

घरीही तेच. एका शुक्रवारी जेवताना शुभ्रा, बारा वर्षांची पोर, इंग्रजीत एवढंच म्हणाली की भिवा अंकल इज सो केअरफुल, हाऊ कुड ही फर्गेट? वरणाचा डाव हातात होता तसाच फिरला. चष्मा फुटला, भुवईखाली दोन टाके पडले. तिने रडं गिळलं आणि बापाकडे सरळ बघत म्हणाली, "यू ओन्ली हिट व्हेन यू आर राँग, बाबा." छायाने तिला जवळ घेतलं. त्यानंतर छाया त्याच्या सैल हाताबद्दल कुणाला हसत सांगायची बंद झाली.

टूलबॉक्सच्या तळाला, वर्तमानपत्राखाली, करदोटा पडून होता. फेकायला तो तीनदा खाडीवर गेला. अब्राच्या होडीतून पलीकडे जाऊन त्याच पिशवीसकट परत आला. ते कापडाचं चिरगूट हातून सुटेना, यापेक्षा जास्त त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

मंदी चालूच होती. दोन हजार दहाच्या जानेवारीत मॅडमपुढे पेच आला: नियम असा की एका सत्रात बाहेरच्या अनुभवी माणसांची सहा व्याख्यानं झालीच पाहिजेत, आणि पाहुण्यांसाठी खर्चायला विद्यापीठ छदाम देईना. पाच कशीबशी जमली. सहाव्यासाठी मॅडमनी भिवाचं नाव घातलं. डीन हसला. मॅडम म्हणाल्या, शमाल सुटला की जिभेवरच्या वाळूवरून सिग्नल किती पडणार हे माझ्या यंत्राआधी सांगणारा एकच माणूस मला माहीत आहे, आणि तो आपल्याकडे वह्या भरतो. डीनने खांदे उडवले आणि यल्ला, होऊन जाऊ दे, म्हणाला.

भिवाची पाचावर धारण बसली. पण तयार झाला, आणि त्याचं कारण त्याने सूर्यकांतला सांगितलं. वाळूचं सांगेन, दादा, पण शेवटी माझी चूक सांगणार. ह्या पोरांतलं एक जरी फ्यूज काढायला विसरलं नाही, तर माझी बोटं सार्थकी लागली. टेबलावर मांडायला एक होल्डर आणि फ्यूज तेवढा आण.

साठ पोरं होती. सगळ्या पाहुण्यांना देतात तसा भिवालाही पुष्पगुच्छ दिला. त्याने सवयीने उजवा हात पुढे केला, गुच्छ अंगठा-करंगळीतून सुटून खाली पडला. भिवा हिंदीत बोलायचा, मॅडम इंग्रजीत सांगायच्या. सुरुवातीला अडखळला. मग पोफळीवर आला आणि सुटलाच. शेंडा किती वाकला की झोका घ्यायचा, पिवळ्या आभाळाची वाळू आणि तांबड्या आभाळाची वाळू यांत फरक काय, कोणती सिग्नल खाते, कोणती नुसती डोळ्यांत जाते. मागच्या बाकांवरची पोरंही मोबाइल खाली ठेवून लिहायला लागली. सूर्यकांत कोपऱ्यात टूलबॉक्स पायाशी घेऊन उभा होता. असा भिवा त्याने वर्षभरात पाहिला नव्हता.

मग भिवाने हात वर केला, पंजा पसरून, सगळ्यांना दिसेल असा. मराठीत सांगायचं तर तो असं म्हणाला: हे यंत्राने केलं नाही, दुसऱ्या कुणी केलं नाही. मी केलं. मला कायदा शिकवला होता, मी विसरलो. मी बेफिकीर माणूस आहे, म्हणून मी आता माझ्या पोरालाही उचलत नाही. ज्याने शिकवलं तो माणूस तिथे उभा आहे. मी त्याचा शब्द मोडला तरी तो माझ्यासाठी वर चढला. उसके लिए ताली बजाओ.

साठ जणांनी टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्या सूर्यकांतच्या कानात दुसऱ्याच टाळ्यांसारख्या वाजल्या. मॅडम खुणेने म्हणाल्या, फ्यूज आणा. तो टूलबॉक्सपाशी वाकला. वरच्या कप्प्यात नवा फ्यूज होता. त्याने वर्तमानपत्र उचकटलं, खालचं काढलं, आणि चालत जाऊन टेबलावर ठेवलं. काळा, कापलेला, रक्ताने कडक झालेला करदोटा आणि त्याला निळ्या काठाची पिशवी.

भिवाने ती ओळखली. आईचा टाका होता. डाव्या हाताने पिशवी पिळली तसा फ्यूज गडगडत टेबलावर आला. त्याने त्या फ्यूजकडे पाहिलं, मग सूर्यकांतकडे.

"दुसरा मी बसवला," सूर्यकांत म्हणाला. "तुझा तुझ्याजवळच होता."

पहिला फटका तोंडावर बसला. उजव्याच हाताचा, तीन बोटं नसलेला, नुसत्या हाडाचा. दुसऱ्याने ओठ फाटला. भिवा नुसता घशातून आवाज काढत मारत होता. वर्षभर चारदा तपासलेला एकेक आकडा, एकेक कुलूप, न उचललेलं पोर, सगळं त्या खुंटासारख्या हातातून येत होतं. सूर्यकांत टेबलावर आपटला, उठला, पुन्हा मार खाल्ला. अख्ख्या जन्मात बाप सोडून कुणाचा मार त्याने न परतवता खाल्ला नव्हता. आज त्याने दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत धरून ठेवले. पुढचा दात तुटून फरशीवर पडला, टणकन, आणि तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. खुंटाची कातडी फाटून भिवाचं स्वतःचंच रक्त वाहायला लागलं तेव्हा भिवा थांबला, खाली बसला आणि मोठ्याने रडला. पोरं भिंतीला चिकटली होती. मॅडमनी करदोटा उचलून त्याच्या मांडीवर ठेवला.

सिक्युरिटी आली, मागून डीन आला. हे परक्या मुलखातलं विद्यापीठ. हाणामारी म्हणजे पोलीस, तुरुंग आणि कायमची हद्दपारी. डीनने फोन हातात घेऊन विचारलं, कुणी मारलं?

सूर्यकांतने तोंडातलं रक्त बाहीला पुसलं. "पडलो, सर. स्टेजच्या पायरीवरून," तो इंग्रजीत म्हणाला. दाराशी उभ्या युसुफने हे ऐकलं आणि वर्षात पहिल्यांदा मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. डीनने पोरांकडे पाहिलं. एकही पोर बोललं नाही. पहिल्या रांगेतली एक अबायातली मुलगी खाली वाकली, पडलेला पुष्पगुच्छ उचलला आणि भिवाजवळ नेऊन ठेवला. डीनने फोन खिशात टाकला. खलास, म्हणाला, लेक्चर संपलं.

पण संपलं नव्हतं. भिवा उठला, उजवा हात रुमालात गुंडाळला, टेबलाजवळ गेला आणि म्हणाला की पोरांनो, मघाचं खोडा. मैं भूला नहीं था. मॅडमनी ते इंग्रजीत सांगितलं. वह्यांमध्ये खोडल्याचा आवाज ऐकू आला.

सूर्यकांतने त्याच दुपारी डीनला दोन कागद लिहून दिले. एकात फेब्रुवारीतला अपघात, बुटांपासून फ्यूजपर्यंत, आणि युसुफची बरगडी, सगळं खरं. दुसऱ्यात पायरीवरून पडल्याचं, सगळं खोटं. दोन्हींवर सही केली. त्याला तीस दिवस मिळाले. घरी सांगितलं तेव्हा छाया सामानाचे खोके आणायला मीना बाजारात गेली. शुभ्राने त्याच्या फुटलेल्या तोंडाकडे पाहिलं. मग बर्फाची पिशवी आणून तिने त्याच्या हातात दिली.

तिसाव्या दिवशी तो चाव्या द्यायला लॅबमध्ये आला. बाहेर शमाल होता, मोटर करकरत होती. महिनाभर भिवा त्याच्याशी अक्षर बोलला नव्हता. आता तो आत आला, पॅनेल उघडलं, डाव्या हाताने फ्यूज काढला आणि शर्ट वर करून नव्या करदोट्याला टाचलेल्या जुन्या निळ्या पिशवीत घातला. मग बूट काढले. ते त्याने पायथ्याशी ठेवले नाहीत.

"धर," म्हणाला, आणि सूर्यकांतच्या हातात दिले.

सूर्यकांत पॅनेलला पाठ लावून उभा राहिला, बूट छातीशी धरून. खिडकीतून भिवाचे तळवे एकेक पायरी चढताना दिसले, उजव्या कोपराचा आकडा करून, मग धुळीत दिसेनासे झाले. टेबलावरचा फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. सूर्यकांत हलला नाही. तास झाला. विमानाची वेळ जवळ येत होती, खाली टॅक्सीत छाया आणि शुभ्रा बसल्या होत्या.

भिवा खाली आला. सूर्यकांतच्या हातातून बूट घेतले, घातले, नाड्या बांधल्या. सूर्यकांत बाजूला झाला. भिवाने पिशवीतून फ्यूज काढला, स्वतःच्या हाताने होल्डरमध्ये बसवला आणि पॅनेलचं दार लावलं.

"आता जा," तो म्हणाला.